गोंगाटातल्या रिकाम्या जागा

काही अल्बमविषयीची मते ऐकताना अल्बमपेक्षा मत देणाराच जास्त उलगडत जातो. लॉस एंजेलिसच्या 'रेज अगेन्स्ट द मशीन' या चौघांच्या बँडचा पहिला, बँडच्याच नावाचा अल्बम त्यातलाच. ३ नोव्हेंबर १९९२ रोजी 'एपिक रेकॉर्ड्स'ने तो प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून त्याच्याभोवती वाद झडत आले आहेत. मेटलवाल्यांना त्यातले रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या गिटारच्या छोट्या चाली, आवडतात, पण गाणारा सुरात गात का नाही, हा सल राहतो. रॅपवाले म्हणतात, शब्दफेक जोरकस आहे खरी, पण तिच्यात वळणे कुठे आहेत? ध्वनिमुद्रणाचे शौकीन त्याच्या आवाजावर इतके फिदा, की नवे स्पीकर घरी आले की आधी हाच अल्बम लावून बघतात. शब्दांशी त्यांना फारसे देणेघेणे नसते. राजकारणात मुरलेले श्रोते शब्द डोक्यावर तरी घेतात, नाहीतर घोषणाबाजी म्हणून मोडीत तरी काढतात. उरलेल्यांचा निकाल एका शब्दाचा: गोंगाट.

हे शेवटचे मत मला सर्वांत उपयोगाचे वाटते, कारण ते कानांनी तपासता येते. दहा गाणी, सुमारे ५२ मिनिटे. त्यात गिटार, बास, ड्रम आणि गळा हे चौघे एकाच वेळी पूर्ण ताकदीने वाजतात तो वेळ मनातल्या मनात मोजत जावे. तो अपेक्षेपेक्षा बराच कमी भरतो. बहुतेक वेळ कोणीतरी एकजण गप्प असतो, किंवा दोघे. हा अल्बम ओरडतो चांगला, पण थांबतो त्याहून चांगला. त्याची सगळी कारागिरी या थांबण्यात आहे, आणि परस्परविरोधी मते देणारे श्रोते नकळत तिच्याच वेगवेगळ्या बाजूंवर बोट ठेवत असतात.

आधी ध्वनीच्या शौकिनांचे म्हणणे घेऊ. निर्माता गार्थ रिचर्डसन याच्यापुढचा पेच साधा होता: मंचावर हा बँड जसा अंगावर येतो, तसा तो फितीवर कसा पकडायचा? त्याने स्टुडिओतच मैफिलीची ध्वनिक्षेपक यंत्रणा उभी केली आणि चौघांना एकत्र वाजवायला लावले. मुद्रणाचा मोठा भाग 'साउंड सिटी'त झाला. याच स्टुडिओत वर्षभर आधी 'निर्वाणा'चा 'नेव्हरमाइंड' मुद्रित झाला होता, आणि त्याचे मिक्सिंग करणाऱ्या अँडी वॉलेसकडेच या अल्बमचेही मिक्सिंग आले. पुढच्या दशकात अल्बम जास्तीत जास्त मोठ्या आवाजात ऐकू यावेत म्हणून हळू आणि मोठ्या आवाजातले अंतर दाबून टाकण्याची चढाओढ लागली. इथे ते अंतर शाबूत आहे. म्हणून ड्रमवादक ब्रॅड विल्कच्या स्नेअर ड्रमवरचा फटका फटक्यासारखा लागतो, त्याला कडा असते, आणि दोन फटक्यांच्या मध्ये खोलीतली हवा ऐकू येते. आवाज वाढवावा तसा हा अल्बम कर्कश होत नाही, फक्त जवळ येत जातो. स्पीकर जोखणाऱ्यांनी शब्दांकडे काणाडोळा केला असेल. कान मात्र त्यांनी नेमक्या जागी लावला.

पहिलेच गाणे 'बॉम्बट्रॅक'. स्फोटाचे नाव असलेले हे गाणे सुरू होते दबक्या आवाजात. टॉम मोरेलोची गिटार आणि टिम कमरफोर्डचा बास एकच रिफ एकत्र, तारा तळहाताने दाबून वाजवतात. ड्रम नुसती जाग देत राहतो. संपूर्ण गाण्याचा आराखडा या काही सेकंदांत कुजबुजून सांगितला जातो. मग तोच रिफ, त्याच स्वरांत, पूर्ण आवाजात कोसळतो. ऐकणारा दचकतो, पण भांबावत नाही, कारण कोसळणारी गोष्ट त्याच्या ओळखीची असते. धक्का आणि ओळख एकाच क्षणी देणे सोपे नाही. पहिल्याच गाण्याच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात हे साधणारा नवखा बँड विरळाच.

'किलिंग इन द नेम' हे यातले सर्वांत गाजलेले आणि म्हणूनच सर्वांत कमी लक्ष देऊन ऐकले गेलेले गाणे. मोरेलो तेव्हा गिटारच्या शिकवण्या घेत असे. गिटारची सर्वांत जाड तार एका पूर्ण स्वराने खाली उतरवली की काय होते, हे एका विद्यार्थ्याला दाखवताना त्याच्या बोटांतून हा रिफ निघाला. शिकवणी थांबवून त्याने तो टेपवर घेतला. २३ ऑक्टोबर १९९१ रोजी नॉर्थरिजच्या विद्यापीठाच्या आवारात बँड पहिल्यांदा लोकांसमोर उभा राहिला तेव्हा हे गाणे शब्दांविना वाजले होते. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणाऱ्या पोलिसांना दोषी ठरवायला ज्युरीने २९ एप्रिल १९९२ रोजी नकार दिला आणि लॉस एंजेलिस पेटले. हे गाणे त्या दंगलीवरचे, असे पुष्कळजण धरून चालतात. प्रत्यक्षात ते त्याआधीच बँडने स्वतः विकलेल्या कॅसेटवर होते. पोलिसी गणवेश आणि वंशद्वेष यांचे साटेलोटे दाखवायला त्यांना दंगलीची वाट पाहावी लागली नाही.

या गाण्यात वेगळ्या अशा ओळी हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. 'शब्दांत काय आहे, तेच तेच तर आहे' ही तक्रार इथूनच निघते. पण पुनरुक्ती कशी वापरली आहे ते पाहा. सुरुवातीचे तोडून तोडून वाजवलेले आघात संपले की बास एकटा पुढे येतो, मग रिफ. कडव्यात विल्क काउबेल धरतो. इतक्या जड गाण्यात तो पत्र्याचा हलका टणत्कार पायांना नाचायला लावतो आणि गाणे मेटलच्या हद्दीतून हळूच फंकच्या अंगणात सरकते. शेवटच्या भागात आज्ञा न पाळण्याचे एकच शिवराळ वाक्य गायक झॅक डे ला रोचा सोळा वेळा म्हणतो. पहिल्यांदा ते जवळजवळ पुटपुटल्यासारखे येते. खाली गिटारची एक किरकोळ आकृती फिरत असते. प्रत्येक फेरीला आवाज वाढतो, लय मात्र तसूभरही वाढत नाही. संताप चढत असताना लय न चढू देणे, हा विल्कचा संयम. घाईत वाजवले असते तर ते वाक्य शिवी होऊन हवेत विरले असते. एकाच लयीत पिळत नेल्यामुळे सोळाव्या वेळी तो निर्धार होतो.

आता गिटार. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या तरुणांनी 'रन-डीएमसी' आणि 'एरोस्मिथ' एकत्र गाताना ऐकले होते, १९९१ मध्ये 'अँथ्रॅक्स' आणि 'पब्लिक एनिमी' एकत्र ऐकले होते. रॅप आणि रॉकची सोयरीक नवी नव्हती. नवे होते ते मोरेलोने स्वतःकडे घेतलेले काम. रॅपमध्ये तबकडी मागेपुढे घासून लय काढणारा डीजे असतो. या बँडमध्ये ती जागा गिटारने घेतली. अल्बमच्या माहितीपत्रकात, यात कुठेही सॅम्पल, कीबोर्ड वा सिंथेसायझर वापरलेला नाही, असे मुद्दाम छापले आहे. ते छापावे लागले, कारण ऐकणाऱ्यांचा विश्वास बसला नसता.

क्लृप्त्या तशा साध्या. त्याच्या गिटारला तारांचा आवाज टिपणारे दोन पिकअप असतात. त्यांतल्या एकाचा आवाज शून्यावर आणायचा, दुसऱ्याचा पूर्ण ठेवायचा आणि दोघांमधला टॉगल स्विच बोटाने भराभर खालीवर करायचा. स्वर चिरला जातो, तोतरा होतो. 'नो युवर एनिमी'च्या सुरुवातीला हेच ऐकू येते. दुसरे हत्यार म्हणजे 'व्हॅमी' पेडल: पाऊल दाबले की स्वर सप्तक ओलांडून वर चढतो. 'किलिंग'मधल्या एकल वादनात मोरेलो स्वरांची लांबलचक वाक्ये रचण्याच्या फंदात पडत नाही. मोजके स्वर वाजवतो आणि पायाने त्यांना वर फेकतो. 'फिस्टफुल ऑफ स्टील'च्या आरंभी असाच एक चिरका स्वर धोक्याच्या भोंग्यासारखा कानात घुसतो. पण तेवढ्यावर भाळून जाऊ नये. खरी गंमत अशी की हे चमत्कार तो गाणाऱ्याच्या अंगावर कधी आणत नाही. गाणे चालू असते तेव्हा तो रिफला चिकटून राहतो किंवा चक्क हात बाजूला घेतो. हार्वर्डच्या या पदवीधराला वाद्याशी खेळण्याचे भयंकर वेड आहे, आणि ते कुठे आवरायचे याचे भान त्याहून मोठे.

हे भान सर्वांत स्वच्छ ऐकायचे तर 'बुलेट इन द हेड' लावावे. कडव्यात जवळजवळ सगळा भार कमरफोर्डच्या बासवर. दोनचार स्वरांची ती गोलाकार चाल, खाली ड्रम, वर शब्द. गिटार अधूनमधून एखादा तुकडा टाकून गप्प. मेटलच्या बहुसंख्य अल्बममध्ये बास गिटारच्या सावलीत हरवून जातो. इथे त्याचे लाकूड, त्याची तार, तारेवरून सुटणारे बोट, सगळे वेगवेगळे कळते. मग गाण्याच्या मध्यावर चाल बदलते, एक रिफ घट्ट धरून बँड त्याला पुन्हा पुन्हा घासतो, ताण एकेक पायरी वाढवतो आणि अखेर सगळे एकदम सुटतात. दूरचित्रवाणीपुढे बसून सांगितले ते गिळणाऱ्या समाजावरचे हे गाणे आहे. कडव्यातली ती गुंगवणारी चाल ऐकणाऱ्यालाही आधी तसेच डोलायला लावते, आणि मग गदागदा हलवते. विषय शब्दांत सांगितला आहेच. चालीत तो भोगायला लावला आहे.

रॅपवाल्यांची तक्रार इथे तपासता येते. डे ला रोचाच्या शब्दफेकीत न्यूयॉर्कच्या त्या काळातल्या उत्तम रॅपर्सची गुंतागुंत नाही, हे मान्य करावे लागते. यमके बहुधा ओळीच्या शेवटी पडतात, ओळी मात्रेला धरून चालतात. तो आला होता हार्डकोअर पंकमधून, 'इनसाइड आउट' या बँडमधून. तिथे श्वास संपेपर्यंत ओरडायची रीत. त्या सवयीला त्याने रॅपच्या शिस्तीत बसवले, हीच त्याची कमाई. त्याची कठोर व्यंजने ऐका: क, ट, प यांवर तो असा आपटतो की शब्द स्नेअरच्या फटक्याशी जोडला जातो आणि कधीकधी फटका कुठला, अक्षर कुठले, हे कळेनासे होते. आणि तो सुप्रसिद्ध हुंकार! रिफ सुटण्याआधी छातीतून निघणारा एक अर्थहीन ध्वनी. समेवर येताना तबलजीकडे टाकलेल्या नजरेचे काम तो करतो: सगळ्यांना कळते, आता उतरायचे. 'टेक द पॉवर बॅक'मध्ये कमरफोर्डच्या थापा मारलेल्या बासवर तो शाळेच्या पुस्तकांतून युरोपचीच थोरवी कशी शिकवली जाते यावर बोलतो. बासची चाल उड्या मारणारी आणि आवाजात मास्तरांना उलट प्रश्न विचारणाऱ्या पोराचा उद्दामपणा. नागमोडी वळणे नसतील, पण प्रत्येक अक्षर जमिनीवर उभे आहे.

'सुरात गात का नाही?' या मेटलवाल्यांच्या प्रश्नाला अल्बमने स्वतःच एक खोडकर उत्तर देऊन ठेवले आहे. 'नो युवर एनिमी'च्या मध्यावर अचानक दुसराच गळा येतो, लांब, ताणलेला, सुरेल. तो 'टूल' या बँडचा मेनार्ड जेम्स कीनन. काही ओळींपुरता तो येतो, गाण्याला दुसऱ्या उंचीवर उचलतो आणि जातो. सूर हवा होता तेव्हा तो कुठे मिळतो हे या मंडळींना ठाऊक होते. मग डे ला रोचा पुन्हा सुरू होतो आणि त्याचा कोरडेपणा आता आधीपेक्षा जास्त झोंबतो. पाहुण्याला बोलावून यजमानाची चव वाढवण्याची ही युक्ती पहिल्या ऐकण्यात निसटून जाते. एकदा लक्षात आली की दाद दिल्यावाचून राहवत नाही.

मुखपृष्ठावरही श्रोत्यांचा एक गैरसमज बसलेला आहे. ११ जून १९६३ रोजी सायगावच्या रस्त्यावर थिच क्वांग डुक या बौद्ध भिक्षूने स्वतःला पेटवून घेतले. माल्कम ब्राउन यांनी टिपलेले ते छायाचित्र अल्बमवर आहे. अनेकजण ते अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धाच्या निषेधाचे समजतात. भिक्षूचा निषेध होता दक्षिण व्हिएतनामचे राष्ट्राध्यक्ष दिएम यांच्या राजवटीत बौद्धांवर होणाऱ्या दडपशाहीविरुद्ध. अल्बमच्या दृष्टीने मोलाची गोष्ट अशी की त्या चित्रात ज्वाळा आहेत आणि त्यांच्या मधोमध पद्मासनात ताठ बसलेला, न हललेला माणूस आहे. कोणताही संतप्त बँड आगीचे चित्र निवडतो. यांनी न हलणाऱ्या माणसाचे निवडले. आतल्या संगीताविषयी त्याहून नेमके काही छापता आले नसते.

उत्तरार्ध एकसुरी होतो, हे मत मात्र खोडून काढण्याच्या भरीस मी पडणार नाही. 'फिस्टफुल ऑफ स्टील' आणि 'टाउनशिप रिबेलियन' यांच्यात आधीच्या गाण्यांचे साचे पुन्हा भेटतात. तरी 'टाउनशिप'मध्ये जोहान्सबर्ग आणि लॉस एंजेलिसचा दक्षिण भाग एका दमात उच्चारले जातात तेव्हा भूगोल आक्रसतो. आणि त्यांच्या आधी 'वेक अप' आहे, जे एकटेच उत्तरार्धाला पुरून उरते. मोठ्या पावलांनी चालत येणारा रिफ, मग वॉ पेडलने बोलकी झालेली गिटार, आणि मध्यावर सगळे खाली उतरते. डे ला रोचा तिथे एफबीआयच्या गुप्त टिपणातला मजकूर वाचू लागतो: कृष्णवर्णीयांच्या चळवळीतून जनतेला एकत्र आणणारा नेता उभा राहू नये, अशा अर्थाचे १९६८ चे सरकारी फर्मान. तो ते ओरडत नाही, वाचतो. सरकारी भाषेचा थंडपणा तो तसाच राहू देतो आणि पार्श्वभूमीला गिटार तेवढी अस्वस्थ. १९९९ मध्ये 'द मेट्रिक्स' चित्रपटाचा शेवट याच गाण्यावर झाला तेव्हा जगभर ते नव्याने ऐकले गेले. पण त्याचे बलस्थान आरोळीआधीच्या त्या वाचनात आहे, जिथे कागदच साक्षीला उभा केला जातो.

राहिला राजकारणाचा वाद. 'एपिक'ची मालक असलेल्या सोनीसारख्या बलाढ्य कंपनीच्या छत्राखाली राहून व्यवस्थेला शिव्या द्यायच्या, या विसंगतीवर श्रोते पहिल्यापासून बोट ठेवत आले. २००९ मध्ये ब्रिटनमध्ये एका जोडप्याने मोहीम चालवली: 'एक्स फॅक्टर' या दूरचित्रवाणीवरच्या गायनस्पर्धेचा विजेता त्या काळी दर नाताळात गाण्यांच्या यादीत पहिला येई, तो त्या वर्षी येऊ द्यायचा नाही. लोकांनी 'किलिंग इन द नेम'च्या पाच लाखांहून अधिक प्रती विकत घेतल्या आणि १७ वर्षे जुने, शिव्यांनी भरलेले गाणे नाताळचे अव्वल गाणे ठरले. बँडने पुढच्या जूनमध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कात फुकट कार्यक्रम करून आभार मानले. गंमत म्हणजे, त्या चढाओढीतला पराभूत गायकही सोनीच्याच गोतावळ्यातला होता. २०१२ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार पॉल रायन यांनी आपल्याला हा बँड आवडतो, पण शब्द नव्हे, असे सांगितले. मोरेलोने त्यावर लेख लिहून त्यांची चांगलीच हजेरी घेतली. मला दोघांचेही पटते. शब्द बाजूला ठेवून हा अल्बम ऐकणे म्हणजे अर्धा ऐकणे. पण विरोधकाचेही पाय ज्याला थांबवता येत नाहीत असा ठेका रचणे, ही त्या ठेक्याची थोरवीच.

घोषणाबाजीच्या आरोपाचे उत्तर शेवटच्या गाण्यात आहे. 'फ्रीडम' जवळजवळ सहा मिनिटांचे. त्याच्या उत्तरार्धात वाद्ये मावळतात आणि डे ला रोचा संपूर्ण अल्बमचे सार असलेले तीन-चार शब्द ओठांतल्या ओठांत म्हणतो. दुसऱ्या कोणी तेच शब्द मुठी उगारून म्हटले असते. त्यानंतर जड, संथ रिफ येतो आणि स्वातंत्र्याची आरोळी, गळा फाटेपर्यंत, पुन्हा पुन्हा. इथवर सगळेच ऐकतात आणि इथेच पुष्कळजण बंद करतात. जरा थांबले तर कळते की त्या आरोळीला लागूनच तो दोन शब्दांत स्वतःच्याच घोषणेची टर उडवतो: स्वातंत्र्य म्हणे! ज्यांना या अल्बममध्ये फक्त घोषणा ऐकू आल्या, त्यांनी हे शेवटचे दोन शब्द पुन्हा लावून ऐकावेत. ५२ मिनिटे घोषणा देणाऱ्याला घोषणेचा पोकळपणा इतरांपेक्षा चांगला कळत होता, आणि तो कळत असूनही त्याने ती शेवटपर्यंत पूर्ण दमाने दिली.